उजनीवरील सादरीकरण ‘वजा २० टक्के’वर अडत असेल तर

चालू घडामोडींच्या तासाला उजनी धरणाची बातमी मांडताना ‘साठा वजा २० टक्के’ हे शब्द आले की प्रश्नांचा भडिमार होई, आणि आलेख मोठा करूनही, व्याख्या वाचून दाखवूनही सादरीकरण पुढे सरकत नसे. सोलापुरात पाण्यावर वर्ग गप्प बसणार नाहीच, पण एका ओळीवर तास संपणे वैतागाचे होते.

अखेर पुढील क्रम लागू पडला. प्रथम फळ्यावर धरणाचा उभा छेद काढून एकूण क्षमता ११७.२३ टीएमसी (अब्ज घनफूट) लिहिली, तळाचा ६३.६६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेले पाणी, खडूने भरला आणि त्याच्या वरच्या रेषेवर, म्हणजे जिथून ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा सुरू होतो तिथे, शून्य मांडले. मग ५३.५७ चे २० टक्के, म्हणजे १०.७१ टीएमसी, रेषेखाली उतरून धरणात अजून सुमारे ५३ टीएमसी पाणी उरते हे दाखवले. बातमीचे कात्रण यानंतरच, तारखेसह, पडद्यावर आणावे. आधी आणल्यास मथळाच सगळी चर्चा खाऊन टाकतो.