नवा रेंजफाइंडर, कोरा रोल: या चुका टाळा

पोळ्याला गावी गेलो होतो. तात्यांच्या बैलजोडीसमोर उकिडवा बसून मी सहा-सात फोटो काढले. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, मागे वेशीवरचं तोरण. कॅमेऱ्याच्या खिडकीतून सगळं झकास दिसत होतं. तात्या बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "बाबा, त्याचं टोपण तर तसंच हाय की. कशाचे फोटू काढायलास?"

एसएलआर, म्हणजे लेन्समधूनच बघायचा कॅमेरा, वापरणाऱ्याला हे खरं वाटणार नाही, कारण तिथे लेन्सवर झाकण असलं की डोळ्यापुढे अंधारच येतो. रेंजफाइंडर म्हणजे दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा कॅमेरा; त्यात बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. लेन्ससमोर झाकण असो, पट्टा लोंबत असो नाहीतर आपलंच बोट असो, खिडकीतलं चित्र लख्खच राहतं. सुरुवातीच्या बहुतेक चुका या एकाच गोष्टीतून निघतात.

माझा कॅमेरा नवा म्हणजे मला नवा. याशिका इलेक्ट्रो 35 जीएसएन. ही इलेक्ट्रो मालिका 1966 मध्ये आली, जीएसएन 1973 चा. 45 मिलिमीटरची एफ 1.7 लेन्स. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, आपण ठरवायचं (एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान); शटर, म्हणजे उजेड आत सोडणारी झडप, तिचा वेग कॅमेरा ठरवतो, तोही जास्तीत जास्त 1/500 सेकंद.

झाकण काढावं की लावावं?

इलेक्ट्रोमध्ये उजेड मोजणारा डोळा लेन्सजवळ नसून वरच्या बाजूला बॉडीवर, खिडकीशेजारी आहे. त्यामुळे झाकण राहिलं तरी मीटर काही बोंब मारत नाही. मी सरळ 55 मिलिमीटरचा यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्सपुढची पारदर्शक काच, बसवला आणि झाकण कपाटात ठेवून दिलं.

पण हा सल्ला सगळ्यांना लागू नाही. झोर्की, फेड किंवा जुन्या लायकासारख्या कॅमेऱ्यात शटर कापडी पडद्याचं असतं आणि त्याच्यापुढे आरसा नसतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात असा कॅमेरा लेन्स वर करून ठेवला की लेन्स भिंगासारखं काम करते आणि पडद्याला भोक पडतं. माझ्या एका मित्राने झोर्की अशीच बांधावर ठेवली आणि शेंगा खात बसला. पुढच्या रोलमध्ये फोटोंवर पांढरा ठिपका. तिथे झाकण हवंच, आणि फोटोआधी ते काढायची आठवणही हवी. झोर्की 4 ची आणखी एक खोड आहे: फिल्म पुढे ओढून शटर चढवल्याशिवाय वेगाची चकती फिरवायची नाही. आतली यंत्रणा बिघडते.

फिल्म पुढे सरकते का?

माझा खरा पहिला रोल झाकणामुळे गेला नाही. आकडा 36 वर पोचला होता, फिल्म मात्र होती तिथेच. तिचं टोक रिळाच्या खाचेतून निसटलं होतं. आकडा फक्त लिव्हर किती वेळा ओढला ते मोजतो. मागचं दार लावल्यावर डावीकडची गुंडाळायची मूठ हलक्या हाताने फिरवून आतला सैलपणा काढून घ्या. मग लिव्हर ओढताना ती मूठ उलटी फिरली पाहिजे. फिरत नसेल तर दार उघडून पुन्हा भरा. फार तर सुरुवातीच्या दोन-तीन फ्रेम जातील.

रोल धुऊन कोरा आला तर लॅबशी भांडण्याआधी निगेटिव्हची कड बघा. कडेला फिल्मचं नाव आणि आकडे उमटलेत, पण मधे काहीच नाही? मग धुलाई नीट झालेली आहे, दोष भरण्यात, शटरमध्ये किंवा झाकणात. कडेचे आकडेही नाहीत? मग धुण्यातच घोळ. सगळी पट्टी काळीकुट्ट? फिल्मला कुठेतरी उजेड लागला, बहुधा मधेच दार उघडलं गेलं. माझ्या पट्टीवर कडेचे आकडे टकाटक होते. तोंड बंद ठेवावं लागलं.

दोन प्रतिमा जुळेनात

खिडकीच्या मध्यभागी पिवळसर चौकोन असतो. त्यात वस्तू दोनदा दिसते. फोकसची कडी फिरवून दोन्ही एकमेकांवर आणायच्या. दुसरी प्रतिमा आडवी सरकते, म्हणून जुळवायला उभी रेघ लागते: दाराची चौकट, खांबाची कड, फेट्याचा सोगा. माळवदाच्या घराची आडवी वळचण घेऊन बसाल तर जुळलं की नाही ते कळणारच नाही. आडव्या रेघेला उपाय सोपा आहे: कॅमेरा उभा धरायचा, जुळवायचं, परत आडवा करायचा.

सगळ्यात मोठा चकवा मला बीबी का मकबऱ्यात बसला. संगमरवरी जाळीवर फोकस केला, प्रतिमा अगदी चपखल बसली, आणि फोटो धूसर. जाळीची भोकं एकसारखी. एका भोकाची प्रतिमा शेजारच्या भोकावर जाऊन बसली तरी आपल्याला जुळल्यासारखंच दिसतं. अशा वेळी जाळीची चौकट किंवा जाळीपाशी उभा असलेला माणूस धरावा. लोखंडी गज, बाजेची वीण, यांचाही तोच त्रास.

चौकोन एकदम गायब झाला तर आधी आपलं बोट बघा. पुढची छोटी खिडकी त्याखाली झाकली गेलेली असते. जुन्या कॅमेऱ्यात चौकोन मुळातच फिका पडलेला असेल तर मोठ्या खिडकीच्या काचेवर बाहेरून, बरोबर चौकोनाच्या जागी, काळी टिकली लावा. तिथला सरळ येणारा उजेड अडतो आणि दुसरी प्रतिमा उठून दिसते. मी बहिणीच्या पाकिटातली सगळ्यात बारीक टिकली लावली. ती अजून तिथेच आहे.

विकत घेतानाच एक तपासणी करा. फोकस अनंतावर ठेवून लांबची पाण्याची टाकी किंवा टॉवर बघा. प्रतिमा तंतोतंत एक व्हायला हवी. दोन दिसत असतील तर जुळणी बिघडलेली आहे, पैसे तसे सांगा.

जवळच्या फोटोत डोक्यावरचा फेटा कापला जातो, कारण खिडकी लेन्सच्या वर आणि बाजूला आहे. इलेक्ट्रोमध्ये फोकसबरोबर चौकटीच्या रेघा सरकतात. त्या रेघांच्या आत राहा. 0.8 मीटरच्या आत तर फोकसच होत नाही.

लाल दिवा, पिवळा दिवा

कॅमेऱ्याचा लाल दिवा म्हणजे उजेड जास्त, 1/500 ही पुरत नाही. पिवळा म्हणजे वेग मंद, हात हलणार. 400 ची फिल्म (आकडा मोठा तितका उजेड कमी लागतो) घालून भर दुपारी शेतात गेलात तर एफ 16 शिवाय गत्यंतर नाही. 100 ची असेल तर एफ 8 वर भागतं. उन्हाळ्यात मी 400 घेतच नाही.

ढेलजेत बसलेल्या आजीचा फोटो, मागे उघडं दार आणि अंगणातलं रखरखीत ऊन, हा हमखास फसणारा प्रकार. मीटर उन्हाला भुलतो, चेहरा काळा पडतो. तेवढ्यापुरती एएसएची, म्हणजे फिल्मच्या आकड्याची, चकती 400 वरून 100 वर आणा, दोन स्टॉप, म्हणजे चौपट, उजेड वाढतो. नंतर परत 400 वर न्यायची. हे मी दोनदा विसरलो.

मूळ सेल पाऱ्याचा, 5.6 व्होल्टचा, आता मिळत नाही. सहा व्होल्टचा 4एलआर44 चालतो, पण तो आखूड आणि बारीक. कागदाची नळी आणि पेनाची स्प्रिंग घालून मी जागा भरली. सेल नसला तरी शटर उडतं, पण नेहमी 1/500 वर. म्हणून आवाजावर विसंबू नका, मागचं बटण दाबून दिवा लागतो का ते बघा.

आणि फिल्म मोटरसायकलच्या डिकीत ठेवू नका. रोल मी फ्रिजमध्ये, दह्याच्या भांड्यामागे ठेवतो. वापरायच्या दोन-तीन तास आधी बाहेर काढतो, डबी तोवर बंदच. थंडगार डबी लगेच उघडली तर फिल्मवर दव धरतं.