अळीला आधी ओळखा, मग सुई उचला

कीटकांच्या प्रतिकारशक्तीवर काम करायला आलेल्या मुलांना मी सुरुवातीला फक्त अळ्या सांभाळायला देते. बहुतेकांचा चेहरा पडतो. जनुकं, प्रथिनं वाचून आलेले असतात, आणि इथे डबे साफ करायचे!

आमची अळी म्हणजे गॅलेरिया मेलोनेला, पोळ्यातलं मेण फस्त करणाऱ्या पतंगाची. मधपाळांना ती डोळ्यांसमोर नको असते. पण ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे माणसाच्या शरीराइतक्या तापमानात ती मजेत राहते, त्यामुळे माणसाला होणारे जिवाणूसंसर्ग तिच्यात अभ्यासता येतात.

तिच्याकडे अँटिबॉडी नाहीत. जिवाणू आत शिरले की रक्तपेशी त्यांना गिळतात किंवा घेरून त्यांच्या गाठी करतात. फिनॉलऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) जागं होतं, मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य तयार होतं आणि पांढुरकी अळी काळवंडते. रक्ताचा फिकट पिवळा थेंब काचेवर घ्या, बघता बघता तपकिरी आणि मग काळा होतो. म्हणून नमुना बर्फावर गोळा करायचा आणि हे काळं पडणं रोखणारं फिनाइलथायोयुरिया आधीच घालून ठेवायचं.

पुढच्या काही तासांत मेदपिंड हा अळीचा अवयव जिवाणूनाशक पेप्टाइड, म्हणजे छोटी प्रथिनं, बनवू लागतो. यातलं सेक्रोपिन प्रसिद्ध. स्टॉकहोममध्ये हान्स बोमान आणि सहकाऱ्यांनी ते सेक्रोपिया पतंगाच्या कोशांत शोधलं. १९८१ साली त्याची रचना प्रसिद्ध झाली. कोश निवडण्यातच खरी हुशारी होती. सुप्तावस्थेत चयापचय जवळजवळ थंडावलेला असतो, त्यामुळे जिवाणू टोचल्यावर जे नवं तयार होतं ते लगेच उठून दिसतं.

आता डबे साफ करण्याचं कारण. नुसती सुई टोचली, अळ्या जोरात हलवल्या, तरी प्रतिकार जागा होतो. धसमुसळ्या हातातली अळी जास्त दिवस जगली तर श्रेय आपण तपासत असलेल्या औषधाचं की हाताळणीचं? त्यामुळे एक गट न टोचलेला आणि एक नुसतं बफर (जिवाणू नसलेलं क्षारांचं द्रावण) टोचलेला, हे दोन्ही हवेतच. टोचायचं मागच्या पोटपायातून (पोटाखालच्या मांसल पायातून), साधारण १० मायक्रोलिटर. आणि काळी झाली म्हणून मेली असं लिहू नका. चिमट्याने हलकेच स्पर्श करून हालचाल बघा.

प्रयोगशाळा निवडताना एक प्रश्न जरूर विचारा: अळ्या विकत आणता की स्वतः वाढवता? बाजारातल्या अळ्यांना आधी काय खाऊ घातलंय, प्रतिजैविकं दिलीत का, याचा पत्ता नसतो.