ट्राउटसाठी पारंपरिक वेट फ्लाय गोव्यात घरी कशी बांधावी

ट्राउट हा थंड पाण्यातला मासा, मांडवी-जुवारीत तो मिळायचा नाही. पण हिमाचलात तीर्थन नदीवर किंवा काश्मीरला जाणार असाल, तर फ्लाय, म्हणजे गळावर धागा-पिसे बांधून केलेला नकली किडा, घरूनच बांधून न्या. सुरुवात 'पार्ट्रिज अँड ऑरेंज'ने करा. नारिंगी रेशमाचे अंग आणि तितराच्या पिसाची विरळ झालर, एवढीच तिची सामग्री.

आपल्याकडच्या रानातले तितर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली (१९७२) येतात. त्यांची पिसे नकोतच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावठी कोंबड्या मिळतात. ठिपकेदार तपकिरी कोंबडीची मऊ पिसे मागून घ्या. कोंबड्याच्या मानेची पिसे ताठ असतात, ती तरंगणाऱ्या ड्राय फ्लायला लागतात. वेट फ्लाय पाण्याखाली चालते. मऊ तंतू प्रवाहात हलले की ते वर निघालेल्या किड्याचे पाय वाटतात. सगळी करामत त्या हलण्यात आहे, म्हणून पीस निवडायला वेळ द्या.

पिसे साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण वाळवा.

१२ किंवा १४ नंबरचा गळ छोट्या वाइसमध्ये (पकड-शेगड्यात) घट्ट बसवा. बारीक नारिंगी रेशमी धाग्याला मधमाश्यांचे मेण चोळा. नेढ्यामागे एक-दोन मिलिमीटर जागा मोकळी सोडून धागा धरा आणि वेढ्याला वेढा लावत मागे जा. गळाच्या टोकाच्या वर आलात की थांबा आणि तसेच पुढे परत या. अंग बारीकच हवे. जाड झाले तर उलगडून पुन्हा गुंडाळा.

आता पिसाच्या बुडाकडची लव काढून टाका. शेंड्याकडचे थोडे तंतू सोडून बाकीचे उलटे चोळा आणि शेंडा नेढ्यामागे बांधा. पिसाचे दोन वेढे द्या, तिसरा नको. नवशिक्यांच्या फ्लाय इथेच दाट होतात आणि दाट झालर नीट हलत नाही. तंतू गळाच्या वाकापर्यंत पोचले की लांबी बरोबर. उरलेले पीस कापा, चार-पाच वेढ्यांची व्हिप फिनिशची गाठ (धाग्याचे टोक त्याच्याच वेढ्यांखाली अडकवणारी) मारा आणि तिच्यावर रंगहीन नेलपॉलिशचा थेंब सोडा. नेढे बुजू देऊ नका.

पेलाभर पाण्यात फ्लाय ओली करून हलवून पाहा. तंतू अंगाला चिकटूनच राहिले तर पीस बदला.

पावसाळ्यात आपल्याकडे गळ गंजतात, पिसांना बुरशी धरते. दोन्ही हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.