डायव्हिंगसाठी तळ्यात होडी नांगरताना
तळाशी मऊ गाळ असेल तर रुंद, चपट्या पात्यांचा नांगर घ्या. त्याला 3 ते 5 मीटर साखळी, पुढे नायलॉनचा दोर. पाण्याची खोली आणि नाळेची (होडीच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासूनची उंची मिळून जे होईल त्याच्या किमान 5 पट दोर सोडा: 13 मीटरला 65. वारा वाढला तर 7 पट. दोर आखूड पडला की ओढ वर लागते आणि नांगर गाळातून उपटतो. दोर नाळेलाच बांधा. मागे बांधलात तर लाटा आत येतात. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून होडी सरकत नाही ना, ते पाहा. डायव्हिंगचा झेंडा लावा, इंजिन बंद. दोराच्या आधाराने उतरा आणि नांगर रुतलाय का तपासा; ताणलेल्या साखळीत हात मात्र घालू नका. होडी चालवता येणारा एकजण वर हवाच, सगळ्यांनी एकदम बुडी मारायची नाही.