ड्रोनखालचा थर्मल कॅमेरा: खरेदी शेवटी, गणित आधी

कोल्हापुरात आमच्या उद्यमनगरातल्या शेडमध्ये इंजिनिअरिंगची पोरं येतात ती बहुतेक वेळा थर्मल, म्हणजे उष्णता बघणाऱ्या कॅमेऱ्याचं कोटेशन हातात घेऊनच. ‘काका, टेहळणीच्या ड्रोनचा पेलोड करायचाय, कॅमेरा ठरलाय, तुम्ही फक्त गिंबल करून द्या.’ पेलोड म्हणजे ड्रोनखाली टांगायचं सामान, गिंबल म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारा फिरता पाळणा. मी कोटेशन बाजूला ठेवतो आणि विचारतो, बघायचंय काय आणि किती लांबून?

उत्तर आकड्यात पाहिजे. अमेरिकी लष्करासाठी काम करणाऱ्या जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये मांडलेले निकष पहिल्या अंदाजाला आजही पुरतात. लक्ष्याच्या आकारावर साधारण २ पिक्सेल पडले तर ‘तिथं काहीतरी आहे’ एवढंच कळतं. ८ पडले तर माणूस आहे की गाडी की जनावर, ते कळतं. कुठल्या बनावटीची गाडी हे सांगायला १२-१३ लागतात. आणि हे सगळं निम्म्या वेळा बरोबर येईल एवढ्याच खात्रीनं, हे विसरायचं नाही.

आता भागाकार करा. सेन्सरचा पिक्सेल १२ मायक्रॉनचा आणि लेन्स ५० मिमीची असेल, तर १२ भागिले ५०, म्हणजे ०.२४ मिलिरेडियन. १ किमीवर एक पिक्सेल २४ सेमी जागा झाकतो. २.३ मीटरच्या गाडीवर साडेनऊ पिक्सेल पडतात, काम भागतं. माणसाचा आकार ७५ सेमी धरला तर तीनच पिक्सेल; नुसता ठिपका. माणूस ओळखायचाच असेल तर सव्वाशे मिमीच्या पुढची लेन्स घ्या, नाहीतर तीच ५० मिमी घेऊन ४०० मीटरवर या. मोठी जर्मेनियमची लेन्स काय वजनाची असते ते हातात घेतल्याशिवाय कळत नाही. छोट्या ड्रोनला जवळ जाणंच परवडतं. अंतर मोजायचं ते तिरकं, ड्रोनची उंची नव्हे.

थंड करावा लागणारा सेन्सर, म्हणजे ३ ते ५ मायक्रॉन तरंगलांबीची उष्णता बघणारा, उणे १९६ अंशांच्या आसपास चालवावा लागतो. तुमच्या बजेटात तो बसत नाही, विषय संपला. ८ ते १४ मायक्रॉनचा साधा बोलोमीटर, म्हणजे थंड न करता चालणारा उष्णतेचा सेन्सर, घ्या. पण ९ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला नऊच चित्रं देणारा स्वस्त कोअर (कॅमेऱ्याचा गाभा) घेऊ नका. उडत्या यंत्रावर त्याचं चित्र उड्या मारत येतं.

पुढची खिडकी काचेची किंवा अ‍ॅक्रिलिकची चालत नाही, ही उष्णता त्यातून जातच नाही. जर्मेनियम लागतं, तेही कोटिंगवालं. कोटिंग नसेल तर प्रत्येक पृष्ठभागावरून ३६ टक्के परत फिरतं. आणि ही खिडकी अ‍ॅल्युमिनियमच्या घरात घट्ट बसवू नका. अ‍ॅल्युमिनियम थंडीत जर्मेनियमच्या जवळजवळ चौपट आकसतं. ५० मिमीच्या खिडकीला आपल्याकडचे ३० अंश आणि लडाखचे उणे २० यांच्यामध्ये ४० मायक्रॉनहून जास्त फरक पडतो. इथं सरकन बसलेली खिडकी तिथं तडकते. व्यासाला दहा शतांश मिमी मोकळी ठेवा आणि सिलिकॉननं धरा.

खरं काम कंपनाचं. मोटर ६००० आरपीएमला फिरत असेल तर कंपन १०० हर्ट्झचं. खाली लावलेल्या रबरी डॅम्परची स्वतःची वारंवारता १० हर्ट्झच्या आसपास आली तर त्यातलं शंभरातलं एकच कॅमेऱ्यापर्यंत पोचतं. ती ७० च्या वर असेल तर डॅम्पर कंपन उलट वाढवतो, मग बसवला कशाला? १० च्याही खाली मऊ केला तर वळताना सगळं धूड झुलतं. म्हणून कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य डॅम्परच्याच पातळीत आणा.

गिंबलचा तोल बघायला वीज लागत नाही. मोटर बंद ठेवा, कॅमेरा हातानं कुठल्याही कोनात फिरवा आणि सोडा. आहे तिथंच थांबला पाहिजे. नाक खाली येत असेल तर मागं पितळी स्क्रू घाला. तोल नीट असूनही परत येत असेल तर दोष वायरीचा. जाड केबल स्प्रिंगसारखी ओढते. बारीक सिलिकॉनची वायर घ्या, अक्षाभोवती सैल वेटोळं द्या.

बेअरिंगमध्ये खेळ नको. ५० मिमीच्या हातावर १२ मायक्रॉन हललं की चित्र एक पिक्सेल सरकलं. व्हॉल्व्ह गाईडचं बोअर करणाऱ्या आमच्या मिस्त्र्यांना १२ मायक्रॉन म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी याच गावात कॅमेरा घडवला होता, तेव्हा दिल्ली-बंगळूरला पळायच्या आधी इथल्या लेथवर विश्वास ठेवा.

जायरो, म्हणजे फिरणं मोजणारा सेन्सर, कॅमेऱ्याच्या बाजूला बसवा, ड्रोनच्या पोटाला नको. बोलोमीटरला प्रतिसाद द्यायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात अर्ध्या पिक्सेलपेक्षा जास्त हलायचं नसेल तर उरलेला हेलकावा सेकंदाला ०.७ अंशाच्या आत हवा. फ्रेमवर वेळेचा शिक्का जीपीएसचाच मारा. ड्रोन १५ मीटर सेकंदाला जात असेल आणि शिक्का १०० मिलिसेकंद उशिरा पडला, तर जागा दीड मीटर चुकते. कॅमेऱ्याची दिशा अर्धा अंश चुकली तर १ किमीवर जवळजवळ ९ मीटर.

उडवायच्या आधी अंगणात तपासा. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यात उभ्या खाचा पाडा, काळा मॅट रंग द्या, मागं गरम तवा ठेवा. ४० मीटरवर पिक्सेल सुमारे १ सेमीचा, तेव्हा २ सेमीच्या पट्ट्या स्वच्छ दिसल्या पाहिजेत. आता ड्रोन जखडून मोटरी चालू करा, पंखे लावूनच. पट्ट्या विरघळल्या तर दोष यंत्रणेत आहे, सेन्सरला शिव्या देऊ नका.

गोकुळ शिरगावात उडवायचा विचार करू नका, उजळाईवाडीचं विमानतळ शेजारीच आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळापासून ८ किमीच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलवरचा नकाशा बघून कोडोलीकडं एखाद्या पाहुण्याचं रान गाठा. तिथं गोठ्यातली म्हैस उत्तम लक्ष्य. डबक्यातून नुकती उठलेली म्हैस मात्र थर्मलमध्ये चिखलाएवढीच थंड दिसते, तीही बघून ठेवा. सकाळी ऊन चढताना आणि संध्याकाळी एकदा जमीन आणि गाडीचं तापमान सारखं होतं, तेव्हा चांगला कॅमेराही आंधळा होतो. ती वेळ मुद्दाम रेकॉर्ड करा. सैन्याचे लोक नेमकं तेच विचारतात.

आयडेक्सला, म्हणजे संरक्षण मंत्रालयाच्या नवउद्योगांसाठीच्या योजनेला, अर्ज करायच्या आधी जेएसएस ५५५५५ चं, म्हणजे सैन्यदलांच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठीच्या मानकाचं, चाचण्यांचं पुस्तक वाचा. थंडीची चाचणी सगळ्यात आधी करून घ्या, खिडकी फुटायची असेल तर तिथंच फुटू दे.