सुरक्षा शाई वापरताना या चुका टाळा, नाहीतर खरी पावतीच खोटी ठरेल

बेळगावात शहापूर भागात आमचा छोटा छापखाना आहे. पतसंस्थांच्या ठेव पावत्या, शाळांची प्रमाणपत्रं, यात्रेची देणगी कूपनं, कारखान्याच्या काटा पावत्या, असली कामं मी गेली पंचवीसेक वर्षं करतोय. नक्कल होऊ नये म्हणून वापरायच्या खास शाया पूर्वी आमच्यापर्यंत पोचतच नव्हत्या. आता कोल्हापूर-हुबळीच्या दुकानातसुद्धा डबा मिळतो. डबा मिळाला म्हणजे काम जमलं, असा समज मात्र सगळीकडे झालाय, आणि त्यातून होणाऱ्या त्याच त्या चुका बघून मी खरोखर थकलोय. शाई चुकली तर नकली कागद करणाऱ्याचं काही बिघडत नाही. खरा कागद घेऊन आलेला माणूस मात्र काउंटरवर चोर ठरतो.

पांढराशुभ्र कागद आणि अदृश्य शाई

गेल्या वर्षी निपाणीच्या एका तरुण मुद्रकाचा संध्याकाळी फोन आला. "काका, शाळेच्या दाखल्यावर अदृश्य शाईत बोधचिन्ह मारलंय, खरं टॉर्च मारला की समदा कागदच चमकायलाय. चिन्ह दिसंना." तीन हजार कागद छापून झाले होते. मी एवढंच विचारलं, कागद कुठला? म्हणाला, एकदम भारी मॅपलिथो, दुधासारखा पांढरा.

घोळ तिथेच होता. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारं रसायन घालतात. आपल्या आया पांढऱ्या कपड्यांना टिनोपॉल लावायच्या, त्याच जातीतलं. ते अतिनील किरण शोषून घेतं आणि निळसर उजेड बाहेर टाकतं. अदृश्य शाईचंही काम नेमकं तसंच चालतं. पाठीमागचा कागदच निळा पेटला, तर त्यावर शाईचं चिन्ह उठून दिसणार कसं? अशा छपाईसाठी अतिनील उजेडात काळपट, मंद राहणारा कागद लागतो.

पटत नसेल तर स्वतःचं चेकबुक काढा. सीटीएस-२०१० या मानकानुसार छापलेल्या चेकवर बँकेचं बोधचिन्ह अदृश्य शाईत असतं आणि कागद मुद्दाम मंद ठेवलेला असतो. अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च धरा, कागद गप्प राहतो आणि चिन्ह तेवढं बोलतं. शेजारी साधा झेरॉक्सचा कागद ठेवून बघा, फरक एका क्षणात कळेल.

माझी सवय अशी: कागद घ्यायला जाताना खिशात ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च असतो. दुकानदाराच्या टेबलाखाली अंधारात प्रत्येक रिमातला एक कोरा ताव बघतो, मगच पैसे देतो. वरच्या रिमावरून खालच्याचा अंदाज मी बांधत नाही, लॉट बदललेला असू शकतो. स्वस्तातले जांभळे टॉर्च बहुतेक ३९५ चे असतात. त्यांचा स्वतःचाच जांभळा उजेड एवढा पडतो की हलकं चिन्ह त्यात बुडून जातं.

निपाणीच्या पोराला मी सगळे तीन हजार पुन्हा छापायला लावले. त्याच्या पोटात खड्डा पडला असणार, मला कळत होतं. पण सुरुवातीला एक ताव तपासायला एक मिनिट लागलं असतं. नव्या पोरांना मशीन लवकर चालू करायची घाई असते, आणि ही घाई मला खपत नाही.

शाई वाढवणं, रोलर अर्धवट धुणं

अदृश्य शाई महाग म्हणून तिच्यात साधी शाई किंवा वार्निश ओतून ती 'पुरवायची', हा प्रकार मी अनेक ठिकाणी पाहिला. चमक तेवढ्यानं मरते. रोलरवर काळ्या शाईचा अंश राहिला तरी तेच होतं, वर चिन्ह नुसत्या डोळ्यांनाही राखाडी दिसू लागतं. मी रोलर तीन वेळा धुतो आणि शेवटी पांढरं फडकं फिरवतो. फडकं पांढरंच राहिलं तर शाई टाकायची, नाहीतर चौथ्यांदा धुवायचं.

हात लावला की उडणारी शाई

ही चूक माझ्या हातून झाली, म्हणून सविस्तर सांगतो.

अथणीकडच्या एका पतसंस्थेला ठेव पावत्या हव्या होत्या. उष्णतेनं रंग बदलणारी शाई तेव्हा मी नवीनच आणली होती. बोटानं चोळलं की निळं चिन्ह गायब, बोट काढलं की थोड्या वेळानं परत. संस्थेच्या मंडळींना हा प्रकार फार आवडला. डिसेंबरात छापल्या, डिसेंबरातच पोचवल्या.

एप्रिलमध्ये शाखेतून फोन. "अण्णा, तुमच्या पावत्यांवरचं चिन्ह गेलंय की!" मी दुसऱ्या दिवशी सकाळचीच गाडी पकडली. पत्र्याच्या छपराखालची शाखा, पंखा गरम वारा फेकतोय. बाकावर एक म्हातारी आजी पिशवी छातीशी धरून बसलेली. मुदत भरलेली ठेव मोडायला आली होती. आदल्या दिवशी नव्या कारकुनानं तिची पावती चोळून बघितली, चिन्ह आधीच नव्हतं, आणि "इदु नकली" म्हणून बाजूला ठेवली. घरच्यांनी तिलाच विचारलं होतं, खरी पावती कुणाला दिलीस?

त्या शाईत अतिसूक्ष्म कुप्या असतात. कुपीत रंग, त्याला खुलवणारं द्रव्य आणि मेणासारखा एक पदार्थ असतो. मेण घट्ट असेतो रंग दिसतो, मेण वितळलं की रंग जातो. माझ्या शाईतलं मेण ३१ अंशांना वितळणारं होतं. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, डिसेंबरातली थंडी, तिथे शाई झकास चालली. अथणीला एप्रिलात पारा चाळिशीला टेकतो. पावती कपाटातून निघायच्या आधीच कोरी होती.

मी समोरच्या टपरीवरून थंडगार सोड्याची बाटली आणली, पुसून कोरडी केली आणि आजीची पावती तिच्याभोवती गुंडाळून धरली. अर्ध्या मिनिटात कडेनं निळसर रेघ उमटली, मग सगळं चिन्ह उभं राहिलं. आजी कारकुनाकडे न बघता माझ्याकडे बघत राहिली. मी हात जोडले. त्या पावत्या मी स्वखर्चानं बदलून दिल्या.

तेव्हापासून ही शाई मागणाऱ्याला माझा पहिला प्रश्न असतो: हा कागद मे महिन्यात कुठं तपासला जाणार? उत्तर अथणी, रायबाग किंवा गोकाक आलं तर मी नकार देतो. जास्त तापमानाची शाई मिळते, पण मग बोटाच्या उबेनं काही होत नाही आणि तपासणाऱ्याला काडी पेटवावी लागते. शिवाय ऊन लागून ही शाई कायमची मरते, लॅमिनेशनच्या उष्णतेचाही तिला धोका असतो. थंड ठिकाणासाठी केलीच, तर जोडीला हवामानावर न अवलंबणारी दुसरी खूण मी देतोच.

याच कुळातलं एक पेन मुलांच्या दप्तरात असतं, घासून पुसता येणारं. त्यानं पावतीवर सही करू नका. साठ अंशांच्या आसपास त्याची शाई जाते, आणि उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला कागद एवढा तापू शकतो.

पाण्यात फुटणारी शाई

कुणी ओल्या बोळ्यानं आकडा पुसायला गेला तर रंग पसरावा, म्हणून ही शाई असते. ऑफसेटला मुळातच पाणी लागतं, त्यामुळे तिथे ती नीट बसत नाही. मी अजून जुनं ट्रेडल, म्हणजे खिळ्यांनी छापायचं मशीन, ठेवलंय ते यासाठीच. आणि खानापूर, कणकुंबीच्या बाजूला जाणाऱ्या कागदावर ती घेऊच नका. तिकडच्या पावसात शेतकरी कागद बंडीच्या खिशात घालून येतो. फुटलेला रंग बघून त्याच्यावरच संशय घेतला जाईल.

आर्ट कार्डवर आत मुरणारा नंबर

लाल नंबर कागदात मुरून पाठीमागे उमटला पाहिजे, म्हणजे ब्लेडनं खरवडला तरी डाग राहतो. गुळगुळीत लेप असलेल्या कार्डावर शाई वरच बसते. साधा, बिनलेपाचा कागद घ्या.

नाण्यानं घासल्यावर काळी पडणारी खूण देऊन वर लॅमिनेशन करणारेही भेटतात. मग नाणं प्लॅस्टिकवर घासत बसा.

"नोटेवर असतं तसं करून द्या"

पाचशेच्या नव्या नोटेतली तार तिरकी केली की हिरव्याची निळी होते, तसला रंग शाईत द्या, अशी मागणी दर महिन्याला येते. नोटांच्या शाया देवासच्या बँक नोट प्रेससारख्या मोजक्या ठिकाणीच होतात आणि खरी रंग बदलणारी शाई खुल्या बाजारात मिळत नाही. बाजारात मोत्यासारखी झाक देणारी शाई मिळते, ती वेगळी. गिऱ्हाइकाला हे स्पष्ट सांगा. म्हैसूरची मतदानाची शाई मागणारेही येतात. ती सिल्व्हर नायट्रेटची, कातडीसाठी बनलेली आहे.

तपासणाऱ्याला न सांगणं

चिन्ह कुठं आहे आणि कसं बघायचं हे काउंटरवरच्या माणसाला ठाऊक नसेल तर शाईचा खर्च पाण्यात. मी प्रत्येक कामासोबत कन्नड आणि मराठीत एक पानाची सूचना आणि एक 'नमुना' शिक्का मारलेला कागद देतो. सूचनेत शेवटी मोठ्या अक्षरात लिहितो: खूण दिसली नाही तर माणसाला बसवून ठेवू नका, आधी छापखान्याला फोन करा. अथणीच्या आजीनंतर ही ओळ आली.

रद्दी उघड्यावर टाकणं

आमच्या जिल्ह्यात हे वेगळं सांगायची गरज पडू नये. बनावट मुद्रांकांच्या प्रकरणातला तेलगी आपल्या खानापूरचाच, आणि नाशिकच्या सरकारी छापखान्यातली मोडीत काढलेली यंत्रं त्याच्या हाती लागल्याचं तपासात पुढे आलं होतं. तरी आजही छापखान्यांच्या मागे खऱ्या शाईतले बिघडलेले ताव वाऱ्यावर उडताना दिसतात, आणि बघून मला संताप येतो. शाई, प्लेट, नंबरची पेटी आणि बिघडलेला ताव, यातलं काहीही मोजल्याशिवाय बाहेर जाता कामा नये. माझ्याकडे कागद आत येताना मोजला जातो, चांगले आणि वाया गेलेले मिळून बाहेर जाताना पुन्हा. वाया गेलेले संस्थेच्या माणसासमोर कापतो, त्या पट्ट्या घरच्या बंबात जातात. तो मोजणीच्या कागदावर सही करतो, मगच गठ्ठे गाडीत चढतात.