आई-बाबा आणि पोरांना घेऊन ब्रायटनला जायचंय? मग असं करा

आधी चपलांचं बोलूया. ब्रायटन हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं शहर, पण तिथल्या बीचवर वाळू नाही, नुसते गोल गुळगुळीत गोटे, गणपतीपुळे डोक्यात ठेवून गेलात तर फसाल. आमच्या आईने साध्या स्लीपर घालून दहा पावलं टाकली आणि जी बसली ती दोन तास उठलीच नाही. जाड सोलचे बूट घाला, बसायला सतरंजी न्या, आणि ऊन दिसलं तरी सगळ्यांचं जॅकेट बरोबर पाहिजेच, वारा भयंकर असतो.

लंडन व्हिक्टोरियावरून ट्रेनने साधारण एक तास लागतो. तिघं किंवा जास्त मोठी माणसं असाल तर तिकीट काढताना ग्रुपसेव्ह घ्या, ऑफ-पीक (गर्दीच्या वेळा सोडून) भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते, आम्हाला हे तिसऱ्या ट्रिपला कळलं. स्टेशनमधून बाहेर पडलं की क्वीन्स रोड सरळ समुद्राकडे उतरतो. उतार म्हणजे संध्याकाळी दमल्यावर चढ, हे लक्षात ठेवा आणि परतताना आई-बाबांना सरळ बसमध्ये बसवा.

समुद्राकडे लगेच पळू नका, आधी रॉयल पॅव्हेलियन, कारण पोरं एकदा भिजली की मग महाल-बिहाल काही बघत नाहीत. इंग्लंडचा राजा चौथ्या जॉर्जचा हा हौसेचा महाल, 1815 पासून वास्तुविशारद जॉन नॅशने त्याला आताचं रूप दिलं. बाहेरून आपल्याकडचे घुमट-मिनार आणि आत सगळा चिनी थाट, काय डोक्यात आलं असेल देव जाणे. जेवणाच्या दालनातलं झुंबर चुकवू नका, वर चांदीच्या रंगाचा ड्रॅगन पंजात अख्खं झुंबर धरून लटकलाय, आमचा धाकटा त्याच्याखाली उभाच राहीना.

पण आपल्यासाठी खरी गोष्ट वेगळीच आहे. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर 1914 पासून, इथे जखमी भारतीय सैनिकांचं हॉस्पिटल होतं. वेगवेगळ्या धर्म-जातींसाठी नऊ स्वयंपाकघरं, हिंदू-मुसलमानांना पाण्याचे वेगळे नळ, सगळी व्यवस्था केलेली. बाबा हे ऐकून बराच वेळ गप्प होते. बाहेर दक्षिणेकडचं इंडिया गेट 1921 मध्ये भारताकडून आभार म्हणून दिलेलं आहे, फॅमिली फोटो तिथेच काढा.

छत्री, म्हणजे या सैनिकांचं स्मारक, बघायची असेल तर वेगळा अर्धा दिवस ठेवा. शहराबाहेर पॅचमच्या वर टेकडीवर, जिथे 53 हिंदू आणि शीख सैनिकांना अग्नी दिला तिथेच पांढऱ्या संगमरवराची छत्री उभी आहे. गाडी थेट जात नाही, चढ चालावा लागतो, गुडघे दुखणाऱ्यांना नेऊ नका.

जेवणाचं म्हणाल तर फिश अँड चिप्स खाच, पण घरात कोणी शाकाहारी असेल तर चिप्स कशात तळता ते आधी विचारा, काही दुकानांत बीफच्या चरबीत तळतात. आणि सीगल! आम्ही डबा उघडून तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या, बाबांनी पहिली पुरी लोणच्याला लावली आणि ती तोंडापर्यंत पोचायच्या आत मागून पांढरं काहीतरी झपकन आलं आणि हातात फक्त लोणचं. भिंतीला पाठ लावून बसा आणि डब्याचं झाकण हातात धरूनच खा.

दुपारी पोरं कंटाळली की पॅलेस पियरजवळून (पियर म्हणजे समुद्रात गेलेला लांब धक्का) व्होल्क्सची छोटी ट्रेन पकडा, 1883 ची, अजून चालणारी जगातली सगळ्यात जुनी इलेक्ट्रिक रेल्वे. हिवाळ्यात बंद असते. पॅलेस पियर शेवटी ठेवा, बाहेरच्यांना प्रवेशाचे पैसे पडू शकतात ते साइटवर बघून जा, आणि राइड्सचं बजेट पोरांना आत जायच्या आधीच सांगा, आत गेल्यावर कोणी ऐकत नाही. गरम डोनट घ्या आणि पश्चिमेला जळक्या वेस्ट पियरचा समुद्रात उभा असलेला लोखंडी सांगाडा दिसतो तिकडे तोंड करून बसा, सूर्य खाली जाताना आईने पहिल्यांदा स्वतःहून फोन काढून फोटो घेतला तो तिथलाच.